पाण्यात कवा यायचं

"आवं सिस्टर, नऊ दिस झालं तुमचं खातोय आमी. आता एकदा सांगून टाका, पाण्यात कवा यायचं?"

बनुबाईनं असं विचारलं तेव्हा खिचडीनं भरलेलं ओगराळं माझ्या हातात तिच्या ताटलीच्या वर अधांतरी होतं. तिनं टोमणा मारला नव्हता. आवाजात भीती नव्हती, लबाडी तर नव्हतीच. आष्ट्याची एसटी किती वाजता आहे, असं विचारावं तसं तिनं विचारलं. मिरजेच्या त्या दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात पेशंटांची माणसं चटया टाकून राहतात. दुपारचे बारा वाजले होते, वीस-पंचवीस जण भिंतीला पाठ लावून ओळीनं बसले होते. कुणीतरी फसकन हसलं. बनुबाईचा नातू ऋषिराज, फौजेतून रजेवर आलेला, खांबाला टेकून फोनवर बोलत होता. त्यानं फोन कानापासून बाजूला केला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "कुठं यायचं नाही बनुबाई. तुम्ही खा." खिचडी तिच्या ताटलीत घातली. तिनं ताटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ताटली हातानं थोडी लांब सारली. जास्त नाही, चार बोटं. पुढच्या माणसाला वाढताना मला ती चार बोटं पाठीमागं जाणवत होती.

परतताना रिक्षात रिकामं पातेलं मांडीवर होतं. त्याचा तळ अजून कोमट होता आणि साडीतून ती ऊब पोटाला लागत होती. मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. बनुबाईचा नाही. तिचा नवरा गुंडा, सत्तरीपुढचा माणूस, उसाच्या बांधावरून पडून खुबा मोडून आत पडलेला. घरी बागायत आहे, म्हशी आहेत, आणि ती इथं फरशीवर नऊ दिवस उशाला पिशवी घेऊन निजते. तिनं सरळ विचारलं. आमच्यात तर बाप्तिस्म्याला डोक्यावर नुसतं पाणी शिंपडतात, पण लोकांच्या मनात अख्खी नदी असते. ती नदी मी आष्ट्याच्या शाळेत असल्यापासून पाहते आहे. दुसरीत असताना पोरं मला 'भाकरीची ख्रिस्ती' म्हणायची. मिशनच्या दुधाच्या भुकटीचे डबे आमच्या वस्तीत यायचे, म्हणून काही पोरं 'ए भुकटे' अशीही हाक मारायची. मी घरी येऊन रडले, तेव्हा आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती म्हणाली, "व्हय, भाकरीसाठीच आलो आपण. तुझी आजी तीन पोरं घिऊन उपाशी होती. ज्यानं भाकर दिली त्याला तिनं देव म्हटलं. न देणाऱ्याला म्हणायचं व्हतं का?" एवढं बोलून तिनं भाकरी उलटली. मी सात वर्षांची होते. सत्तर वर्षं होत आली, पण याहून चांगलं उत्तर मला कुठल्याही उपदेशात ऐकायला मिळालेलं नाही. तरीही रिक्षात मला वाटलं की बनुबाईनं मला पकडलं. आजीला कुणीतरी कधीतरी सांगितलंच असणार की पाण्यात यायचं. भाकरी आधी आली की पाणी, आणि या दोहोंत किती दिवस गेले, हे आईनं मला कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आईचं एक मडकं होतं. आमच्या मंडळीतल्या सगळ्याच बायकांचं असायचं. सकाळी शिजवायला धान्य घेतलं की आधी त्यातली एक मूठ काढून त्या मडक्यात टाकायची, ती प्रभूची. घरात दहा मुठी असोत की दोन, पहिली तिकडं. महिन्याअखेर बायबलबाई सायकलवरून यायची, मडकी रिकामी करायची आणि ते धान्य आपल्याहून गरीब घरात जायचं. आपल्याहून गरीब कोण, हा आमच्या वस्तीत मोठा वादाचा विषय होता. एकदा ते धान्य फिरून आमच्याच घरी आलं. आईनं ते घेतलं, चाळलं, आणि त्यातली एक मूठ परत मडक्यात टाकली. आता ते सगळं गेलं. गोळा झालेल्या धान्यानं देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उंदीर होतात म्हणून मडकी बंद झाली, दान मोबाइलवरून जातं. मी मात्र मूठ सोडली नाही. लग्न होऊन मिरजेत आले, चौतीस वर्षं परिचारिका म्हणून ड्युटी केली, रात्रपाळीवरून आल्यावरसुद्धा तांदूळ धुण्याआधी हात आपोआप डब्याकडं जायचा. त्यात श्रद्धा होती असं मी म्हणणार नाही. कुंकू लावणाऱ्या बाईचा हात जसा कपाळाकडं जातो तसं ते होतं.

श्रद्धेचं खरं सांगायचं तर ती सात-आठ वर्षांपूर्वी आटली. प्रभाकर, माझे यजमान, याच दवाखान्यात एकोणीस दिवस होते. शाळामास्तर, रविवारी उपासनेला पेटी वाजवायचे. मी आत सिस्टरांशी त्यांच्या भाषेत बोलायचे, औषधांची नावं मला पाठ, पण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मीही फरशीवरच बसले होते. चौतीस वर्षं मी पेशंटच्या माणसांना 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' म्हटलं होतं. आता मला म्हणत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या बाईनं माझ्यापुढं डबा सरकवला. दशम्या आणि लिंबाचं लोणचं. "दिवस मावळायच्या आत खाऊन घ्या," ती म्हणाली. ती सांगलीची, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातली कस्तुरीताई, त्यांच्यात अंधार पडल्यावर जेवत नाहीत. तिला वाटलं असेल की सगळ्यांचंच तसं असतं. पुढं रोज तिनं मला दिवस मावळायच्या आत जेवायला घातलं. प्रभाकर गेले. डिसेंबरात तिचा डबा परत करायला मी सांगलीला गेले, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून नाताळचा केक करून त्यात घातला. चांगला सहा अंड्यांचा. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, हसली आणि डबा ओट्यावर ठेवून म्हणाली, "राहू दे हं, कामवाल्या मुलींना देते." बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जैनाच्या घरात मी अंडी नेली होती. पण त्या चुकीची लाज एवढी टोचली नाही, जेवढं हे टोचलं की आता माझ्याकडून तिला काहीच पोचणार नाही. तिच्या चौदा दिवसांच्या दशम्या माझ्या अंगावर राहिल्या. पुन्हा मी तिच्याकडं गेले नाही.

त्यानंतर चौदा महिने मला प्रार्थना करता आली नाही. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, आणि मिटलेल्या डोळ्यांआड नुसती दवाखान्याची फरशी दिसायची, पांढरी, त्यात काळे ठिपके. 'हे आमच्या पित्या' एवढं यायचं आणि पुढचं एखाद्या ओसाड खोलीत बोलल्यासारखं वाटायचं. मंडळीत मी गाणी म्हणत होते, प्रभुभोजन घेत होते, कुणाला कळलं नाही. मग एक दिवस मुठीचा डबा उघडला तर तो काठोकाठ भरून वर पोरकिडे फिरत होते. प्रभूच्या तांदळाला कीड, आणि न्यायला कुणी येणार नाही. मी ते निवडले, मुगाची डाळ घालून मोठ्या पातेल्यात खिचडी केली आणि रिक्षा करून त्याच व्हरांड्यात गेले. का गेले ते मला ठाऊक नाही. पहिल्या माणसाला वाढलं, दुसऱ्याला, आणि सातव्या-आठव्या ताटलीपाशी माझ्या लक्षात आलं की मी प्रार्थना करते आहे. ओठ हलत नव्हते. ओगराळं खाली जाताना अर्धं वाक्य, वर येताना अर्धं. ह्या बाईच्या पोराला ताप आहे, बघ. ह्याचा भाऊ शुद्धीवर येऊ दे. हा खोटं बोलतोय, ह्याचं कुणी आत नाही, पण उपाशी आहे, त्यालाही बघ. कुणाला मी ते ऐकवलं नाही, सहा वर्षांत त्या व्हरांड्यात येशूचं नाव मी मोठ्यानं उच्चारलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार ठरला होता, पुढं रोजचं झालं. घरी आल्यावर डोळे मिटले की पुन्हा फरशी. माझा देव ओगराळ्याच्या दांड्याला होता, आणि दांडा हातात असेपर्यंत होता.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेब आणि मंडळीचे सेक्रेटरी दाविद लोंढे घरी आले. मी चहा टाकला. पाळकसाहेब पस्तिशीचे, गोड माणूस, बोलताना कपाची कड बोटानं पुसत राहतात.

"सलोमीआजी, राग मानू नका. दवाखान्यातून फोन होता. तक्रार आलीय की तुम्ही लोकांना खायला घालून पाण्यात यायला सांगता."

"मी नाही सांगितलं. मला विचारलं गेलं."

"ते मला माहीत आहे. पण सध्या वातावरण कसं आहे, तुम्ही बघताय."

"मंडळीचं नाव मध्ये येतं," लोंढे म्हणाले. "उद्या चार पोरं देवळावर आली तर आजी तुम्ही येणार का पुढं?"

"येईन की. तुम्ही कुठं असाल तेवढं सांगून ठेवा."

लोंढे चहा प्यायले. पाळकसाहेब हसले आणि लगेच गंभीर झाले. "आजी, खरं बोलू? तुम्ही तिथं नाव घेत नाही, साक्ष देत नाही. मग एवढा धोका पत्करून उपयोग काय त्याचा?"

"म्हणजे नाव घेत असते तर धोका चालला असता?"

"तसं नाही. पण दोन-तीन महिने थांबा. हंगामाच्या सणाला आपण मंडळीतर्फे वाटप करू, रीतसर, परवानगी काढून. तोवर घरी बसून प्रार्थना करा. तीही सेवाच आहे."

"ती मला घरी बसून येत नाही," मी म्हटलं.

हे मी कुणापुढंच बोलले नव्हते. प्रभाकरांच्या हार्मोनियमपुढंसुद्धा नाही. लोंढे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले. पाळकसाहेबांचं बोट कपाच्या कडेवर थांबलं. त्यांना वाटलं असेल म्हातारीचं डोकं फिरलं, किंवा त्याहून वाईट, म्हातारीचा विश्वास गेला. मी सांगितलं, "पाळकसाहेब, तुम्ही सांगता म्हणून मी थांबले, तर तीन महिन्यांनी तुमच्या बाकावर माझी साडी येऊन बसेल, मी नाही येणार. मी उद्या जाते आहे." त्यांनी जाताना माझ्यासाठी प्रार्थना केली. चांगली केली. मी डोळे मिटून ऐकली, आणि पांढऱ्या फरशीवरचे काळे ठिपके मोजत राहिले.

ते गेल्यावर साताऱ्याहून कृपाचा फोन आला. लोंढ्यांच्या मुलीनं तिला कळवलं होतं. "आई, बस झालं आता. घराला कुलूप लाव आणि इकडं ये. इथं मोठं चर्च आहे, बायकांची संगती आहे, खाली बाग आहे फिरायला." कृपा माझी एकुलती एक मुलगी, तिचं चुकत नाही. मी म्हटलं, येईन नाताळला. फोन ठेवला आणि अंथरुणावर पडून राहिले तेव्हा पाळकसाहेब मनातून गेले, लोंढे गेले, राहिली ती बनुबाईनं सारलेली ताटली. मी सहा वर्षं काहीच मागितलं नाही, याचा मला अभिमान होता. आमच्यावर भाकरीचा शिक्का बसला, म्हणून मी अशी भाकरी द्यायची की जिच्यामागं काहीच नाही. बघा म्हणावं, आष्ट्याच्या शाळेतल्या पोरांनो, बघा. म्हणजे ते ओगराळं मी इतकी वर्षं त्या पोरांच्या नाकापुढं नाचवत होते काय? प्रार्थनाही त्यातच होती आणि हेही त्यातच होतं, डाळ-तांदळासारखं मिसळलेलं, आणि निवडायला बसले तर दोन्ही हाताला लागत नव्हतं. मी निवडलं नाही. सकाळी उठले, मूठ काढली, तांदूळ धुतले.

फाटकावरच्या माणसानं पातेल्यासकट आत सोडायला नकार दिला. रोजचा ओळखीचा माणूस, तानाजी, मान खाली घालून म्हणाला, "सिस्टर, वरनं आलंय. माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "तुझी नोकरी राहू दे. मी इथं बसते." फाटकाबाहेर भिंतीलगत सावली होती. तिथं पोतं अंथरलं, पातेलं ठेवलं, झाकण काढलं. व्हरांड्यातली सफाईवाली सुलाबाई आत निरोप द्यायला गेली. हळूहळू माणसं येऊन बसली, कालच्याहून कमी. बनुबाई नव्हती. तिच्याऐवजी ऋषिराज आला आणि माझ्यापुढं सरळ उभा राहिला, शिपायासारखा.

"आजी, फोन मीच केलता."

"वाटलंच."

"आमची आज्जी म्हातारपणी पाण्यात जाती म्हणाली. मी काय गप बसू व्हय?"

"नको बसू. मी तुझ्या जागी असते तर मीही केला असता."

त्याला हे अपेक्षित नसावं. तो थोडा सैल झाला. "मग खरं सांगा. तुमाला ह्यातनं काय मिळतंय? कोणबी फुकट काय करत न्हाई."

"देव मिळतो मला," मी म्हटलं. "घरी मिळत नाही, देवळातही हल्ली मिळत नाही. इथं मिळतो. फुकट नाही करत मी, तुझं बरोबर आहे. आणखी कुणाला फोन करायचा तर कर. उद्या मी इथंच असणार. हा रस्ता महापालिकेचा आहे, दवाखान्याचा नाही."

तो काही बोलणार तेवढ्यात फाटकातून बनुबाई आली. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, काखेत कापडी पिशवी. ती माझ्यापुढं उकिडवी बसली आणि पिशवीचं तोंड सोडलं. आत तांदूळ होते, घरचे, जाडे, लालसर.

"काल तुमी म्हणाला कुठं यायचं न्हाई. मग आमी काय भिकारी हाय व्हय, सिस्टर?"

मी हातातलं ओगराळं पातेल्याच्या काठाला टेकवलं.

"पाण्यात या म्हणला असता तर आले असते. मनातनं न्हाई, पर आले असते. खाल्लंय तर कायतरी दिलं पायजे का नगं? तुमी कायच घीत न्हाई. म्हंजे आमी कोण? हे पोरगं काल रानातनं हे घिऊन आलंय. हे घ्या, न्हाईतर माझा घास आजपासनं बंद."

"आज्जी, तू तर म्हणालीस तांदूळ तुला पायजेत म्हणून," ऋषिराज म्हणाला.

"गप रं. मलाच पायजे हुतं."

कस्तुरीताईच्या ओट्यावरचा तो डबा मला दिसला. ती 'राहू दे हं' म्हणाली तेव्हा मला जे झालं होतं, तेच मी सहा वर्षं रोज वीस-पंचवीस माणसांना करत होते, हसून, मायेनं, आणि त्याला नाव देवाचं. मग आईचा हात आठवला, आणि मी म्हटलं, "सगळे नकोत बनुबाई. एक मूठ. रोज एक. उद्याच्या पातेल्यात आधी तुमची जाईल, मग माझी."

"एकच?"

"आमच्यात एकच असते."

तिनं मूठ भरली, चांगली गच्च, आणि मी पुढं केलेल्या पातेल्याच्या झाकणात सोडली. शेजारचा एक माणूस म्हणाला, माझ्याकडं गव्हाचं पीठ हाय, चालंल का? कुणी म्हणालं, मिरच्या हाईत. लोंढ्यांनी हे पाहिलं असतं तर प्रभूच्या मुठीत कुणाकुणाची मूठ मिसळली म्हणून पंचकमिटी बोलावली असती. बोलावू देत. बनुबाईनं माझ्या हातातून ओगराळं काढून घेतलं, एका ताटलीत मला वाढलं आणि म्हणाली, "तुमी कवा जेवता आमच्यात? बसा." माझे हात मोकळे झाले. आता प्रार्थनेचं काय होणार? दांडा दुसऱ्याच्या हातात होता. मी भिंतीला पाठ लावून सुलाबाईशेजारी बसले आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ती खिचडी त्या माणसांत, गार झालेली, तोंडात घातली.

बनुबाईनंही घास घेतला, सावकाश गिळला आणि ओगराळं माझ्याकडं रोखलं. "आता बोलते. तुमच्या खिचडीत रोज मीठ कमी असतंय. फुकटचं खाणाऱ्यानं नाव ठेवू ने म्हणून बोलले न्हाई."

रांगेत हशा पिकला. सुलाबाईनं कमरेची पुडी काढून मला दाखवली. "मी सा वरसं घरनं मीठ आणतीया, सिस्टर. तुमाला वाईट वाटंल म्हणून पदराआड घालून खाती." ऋषिराजसुद्धा हसला आणि हसताना तो आज्जीसारखा दिसला. प्रभाकरांना रक्तदाब होता. शेवटची अकरा वर्षं मी त्यांच्या बेतानं मीठ घातलं, आणि ते गेल्यावरही माझा हात त्यांच्यासाठीच रांधत राहिला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी सुलाबाईच्या पुडीतली चिमूट घेतली. डोळे उघडे होते, समोर रस्ता होता, दुचाक्या जात होत्या, आणि मी आत काही शोधत नव्हते. बनुबाई पुढच्या ताटलीत वाढता वाढता ऋषिराजला सांगत होती, उद्या येताना मिठाचा पुडा आण, मोठा. मी म्हटलं, दोन आण.